मुद्दल न मोडता : लेक सुपीरियरच्या काठाने दोन दिवस

व्यापारी घरातील मुलाला पहिला धडा मिळतो तो मुद्दल आणि व्याज यांतील भेदाचा. व्याजावर घर चालते. मुद्दलाला हात लागला की पेढीची उतरण सुरू होते. हा नियम पैशाला लावणारे पुष्कळ आहेत. नद्या, धबधबे, अरण्ये आणि सरोवरे यांना तो लावण्याचा प्रयत्न कसा झाला व तो किती कठीण ठरला, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात जावे. तेथील राज्य उद्याने आणि लेक सुपीरियर हे महासरोवर शनिवार-रविवारच्या सुटीत मोटारीने पाहून होतात.

राज्य उद्यान म्हणजे शहरातील बाग नव्हे. राज्य सरकारने कायद्याने राखून ठेवलेला निसर्गाचा तो तुकडा असतो. तेथे फिरता येते, तंबू ठोकून राहता येते. मात्र तेथील वाटेल ते उचलून नेता येत नाही. मिसिसिपी नदीचा उगम याच राज्यातील इटास्का सरोवरातून होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या परिसरातील उंच पाइन वृक्षांवर लाकूडतोड कंपन्यांची कुऱ्हाड चालू होती. उगमाचा प्रदेश राखून ठेवण्याचे विधेयक १८९१ साली राज्याच्या विधिमंडळात आले आणि अवघ्या एका मताने संमत झाले. मिनेसोटाचे पहिले राज्य उद्यान अशा रीतीने जन्मास आले. पुढे सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यावरही अशा उद्यानांची मालिका उभी राहिली. डुलुथ शहरापासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे २४० किलोमीटर जाणारा महामार्ग क्रमांक ६१ त्यांना एका सूत्रात ओवतो.

सांगलीत हळदीची अडत असलेले एक गृहस्थ पत्नीसह मिनियापोलिसला मुलाकडे गेले असता एका जूनमध्ये या रस्त्याने गेले. सोबत मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. चाळीस वर्षांच्या व्यवहारात लग्नकार्य आणि यात्रा सोडल्यास आजोबांनी सलग दोन दिवस दुकानापासून मन काढलेले नव्हते. परदेशातही दिवाणजींना रोज दूरध्वनी होत असे. मिनेसोटात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. दिवसाचे सौदे आटोपून रोजमेळ लिहिण्याची ती वेळ. आजीने प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाविना केलेले भडंग आणि उकळून गार केलेले पाणी बरोबर घेतले होते. शुक्रवारी संध्याकाळी निघून अडीचशे किलोमीटरवरील डुलुथला मुक्काम झाला.

सरोवर की समुद्र?

डुलुथच्या टेकडीवरून सुपीरियर प्रथम दिसते तेव्हा त्याला सरोवर म्हणण्यास मन धजत नाही. पलीकडचा काठ दृष्टीस पडत नाही. खाली बंदरात लोहखनिज वाहणारी अवाढव्य जहाजे उभी असतात. सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर पृष्ठभाग, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून अधिक; सर्वाधिक खोली ४०६ मीटर. पृष्ठभागाच्या मापाने जगात गोड्या पाण्याचे एवढे विस्तीर्ण दुसरे सरोवर नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे दहावा भाग येथे साठलेला आहे, असे मानले जाते.

याहून बोलका आकडा दुसराच आहे. सुपीरियरमध्ये आलेले पाणी बाहेर पडून त्याची जागा नव्या पाण्याने घेण्यास सरासरी १९१ वर्षे लागतात. सरोवराच्या साठ्याच्या मानाने वर्षाची ये-जा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मुलाने वाटेत हा हिशेब सांगितला तेव्हा आजोबा म्हणाले, "म्हणजे ठेव प्रचंड आणि व्याज अगदी थोडे. अशा खात्यातून जपूनच उचलले पाहिजे."

एक खडा

पहिला थांबा गूजबेरी फॉल्स राज्य उद्यानाचा. फिकट चहाच्या रंगाचे पाणी काळ्या ज्वालामुखीय खडकांच्या पायऱ्यांवरून एकामागून एक उड्या घेत खाली येते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना हा खडक परका वाटत नाही.

या उद्यानातील दगडी इमारती आणि भिंती १९३४ ते १९४१ या काळात बांधल्या गेल्या. महामंदीने घरे बसली होती, तरुणांना काम नव्हते. त्या वेळी केंद्र सरकारने 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' या योजनेखाली त्यांना वनसंवर्धन आणि बांधकामावर घेतले. महिना ३० डॉलर वेतन; त्यांतील २५ डॉलर परस्पर घरी पाठविले जात. मुलांनी येथे दगड घडवले आणि दूर कोठेतरी त्यांच्या घरच्या चुली पेटल्या. अडचणीच्या काळातला तो खर्च आज नव्वद वर्षांनंतरही उभा आहे.

नदी जेथे सरोवराला मिळते तेथे गोट्यांचा किनारा आहे. तांबड्या पट्ट्यांचा सुपीरियर अकीक या भागात सापडतो; १९६९ पासून ते मिनेसोटाचे राज्यरत्न आहे. नातवाला तसाच एक खडा मिळाला. खिशात घालणार तोच आईने नियम सांगितला : राज्य उद्यानातून दगड नेण्यास मनाई आहे.

"एकच तर आहे," तो म्हणाला.

आजोबांनी त्याला जवळ बसवून घेतले. "आपल्या दुकानासमोर हळदीची रास असते. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणू लागला, एकच हळकुंड तर घेतो, तर संध्याकाळी काय उरेल?"

"पण मी एकटाच आहे."

"राशीसमोर प्रत्येक जण एकटाच येतो, बाळ."

मुलगा बराच वेळ खडा हातात घोळवत राहिला. अखेर त्याने तो पाण्याच्या कडेला ठेवला. फेकला नाही, ठेवला.

विमा नसलेली जहाजे

पुढचा थांबा स्प्लिट रॉक दीपगृह. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात या सरोवरावरील २९ जहाजांना तडाखा बसला. त्यांतील कित्येक एका पोलाद कंपनीच्या ताफ्यातील होती आणि त्यांचा विमा उतरविलेला नव्हता. नुकसान थेट मालकांच्या अंगावर आले, तेव्हा दीपगृहासाठी खटपट सुरू झाली. अमेरिकन काँग्रेसने ७५,००० डॉलर मंजूर केले आणि १९१० साली कड्यावर दीप उजळला. तेथवर रस्ता नव्हता. बांधकामाचे सामान जहाजाने आणून उभ्या कड्यावर यारीने चढवावे लागले. जहाजांना दिशा शोधण्याची नवी साधने मिळाल्यावर १९६९ मध्ये दीपगृह निवृत्त झाले. आता ते पाहण्यासाठी लोक येतात.

पाणी की भाकरी?

दीपगृहाच्या पुढे लागणारे सिल्व्हर बे हे गाव उद्यानांच्या यादीत नाही. पण या प्रवासाचा खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. निकृष्ट प्रतीच्या खडकातून लोह वेगळे काढण्याचा कारखाना रिझर्व्ह मायनिंग कंपनीने येथे उभारला आणि कामगारांसाठी हे गाव वसविले. १९५५ पासून उरलेला चुरा सरोवरात सोडला जाऊ लागला. पूर्ण भरात दिवसाला सुमारे ६७,००० टन. सरोवर एवढे अफाट, त्यात हे कोठेच जाईल, असा समज होता. १९७३ मध्ये डुलुथच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू आढळले. १९७४ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने दोनच दिवसांत त्याला स्थगिती दिली. तरी खटला थांबला नाही. अखेर १९८० मध्ये सरोवरात चुरा टाकणे बंद झाले आणि तो जमिनीवर बांधलेल्या साठवण-तळ्यात जाऊ लागला.

यात एक बाजू सर्वस्वी दुष्ट आणि दुसरी सर्वस्वी निर्मळ असे चित्र रंगविणे सोपे आहे. व्यापारी माणसाला ते पटणार नाही. त्या कारखान्यावर हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून होती. जमिनीवर साठवण करण्यास मोठा खर्च होता आणि म्हणूनच कंपनीने तो वर्षानुवर्षे टाळला. खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा झाला असे मात्र होत नाही; तो दुसऱ्याच्या नावे पडतो. येथे तो डुलुथच्या नळाचे पाणी पिणाऱ्या घरांच्या नावे पडला होता. गाडीत या विषयावर बराच वेळ बोलणे झाले. "कामगारांचे काय, हा प्रश्न खरा आहे," आजोबा म्हणाले, "पण ज्याने नफा घेतला त्यानेच कचऱ्याचा खर्च आपल्या वहीत लिहावयास हवा होता."

दुपारी टेटेगूश उद्यानात बॅप्टिझम नदीचा उंच धबधबा पाहून संध्याकाळी ग्रँड मरे या गावी मुक्काम झाला. जूनमध्ये येथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दिवस असताना जेवण करणाऱ्या या घराला त्यामुळे घाई करावी लागली नाही. दशम्या सरोवराच्या काठी, भरपूर उजेडात, निवांत खाऊन झाल्या. त्या दिवशी सकाळी सांगलीला दूरध्वनी करावयाचा राहून गेला होता, हे आजोबांच्या तेव्हा ध्यानात आले.

नदीचा जमाखर्च

रविवारी सकाळी जज सी. आर. मॅग्नी राज्य उद्यान. हे मॅग्नी डुलुथचे महापौर आणि पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. उत्तर किनाऱ्यावरील उद्यानांचे ते खंदे पुरस्कर्ते होते. येथे ब्रूल नदी एका खडकापाशी दुभंगते. एक धार धबधबा होऊन पुढे जाते. दुसरी 'डेव्हिल्स केटल' नावाच्या खडकातील खोल रांजणात शिरते आणि दिसेनाशी होते. हे पाणी जाते कोठे, याचे गूढ पिढ्यान्‌पिढ्या राहिले. लोक चेंडू आणि ओंडके टाकून ते खाली कोठे निघतात हे पाहत, असे सांगतात.

राज्याच्या जलतज्ज्ञांनी अखेर वेगळा मार्ग धरला. पाण्याचा पाठलाग न करता त्यांनी त्याचा हिशेब मांडला. धबधब्याच्या वर नदीचा प्रवाह सेकंदाला १२३ घनफूट भरला. खाली १२१ घनफूट. मोजणीतील फरक सोडला तर जेवढे आले तेवढेच गेले. रांजणात शिरलेले पाणी थोड्याच अंतरावर पुन्हा नदीला मिळते, हे २०१७ मध्ये जाहीर झाले.

पावणेदोन किलोमीटरची चढ-उतार आणि लाकडी पायऱ्या पार करून आजोबा तेथे पोहोचले. मुलाने आकडे सांगताच ते हसले. "हळदीच्या पोत्यात याहून जास्त घट येते. नदीची वही चोख आहे."

या उद्यानांत प्रवेशशुल्क माणशी नसून वाहनामागे असते. त्या वेळी दिवसाच्या परवान्यास ७ डॉलर आणि वर्षाच्या पासास ३५ पडत. दिवसाचा परवाना त्या दिवशी राज्यातील कोणत्याही राज्य उद्यानात चालतो. म्हणजे पाच दिवसांत वर्षाचा पास वसूल होई. आदल्या दिवशी सकाळी पास घेण्याचे सुनेने सुचविले असता, "वर्षातून पाच दिवस कोणाला सवड आहे?" असे म्हणून आजोबांनी ते मोडून काढले होते. रविवारी दुपारी उद्यानाच्या कचेरीपाशी त्यांनी स्वतःहून गाडी थांबवावयास सांगितली आणि ३५ डॉलर मोजून दिले. आदल्या दिवशी दिलेले ७ डॉलर त्यातून वजा होतील का, हेही त्यांनी विचारून घेतले. ते वजा होत नव्हते. पास काचेवर चिकटविताना त्यांनी नातवाला सांगितले, "दोन दिवस झाले. माझ्या परतीच्या तिकिटाच्या आत उरलेले तीन बसवायचे आहेत. कोठे जायचे ते तू लिहून काढ."