आईच्या माथी मारलेला सिद्धांत

मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, खेळण्यातल्या मोटारीचं एकच चाक तासन् तास फिरवत बसतं. घरातले आधी धीर देतात, 'याचा बाबाही उशिराच बोलायला लागला.' आणखी सहा महिने जातात आणि धीर देणारी तीच तोंडं दुसरं बोलू लागतात. 'घरात दिवसभर माणूस नाही, मूल बोलणार कोणाशी?' 'हातात मोबाईल दिला की असंच व्हायचं.' 'ती पोटुशी होती तेव्हा किती चिडचिड करायची, आठवतंय ना?' बोलणारे वेगळे, पण बोट एकीकडेच जातं. आईकडे.

ही बोलणी अज्ञानातून येतात असं म्हणून आपण सोडून देतो. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर हाच आरोप अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांतून, मानसशास्त्राच्या भाषेत, पुस्तकांतून आणि टीव्हीच्या पडद्यावरून होत होता. ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हा भाग. एखादी कल्पना पुराव्याशिवाय सिद्धांत होऊन बसली की ती किती घरांत शिरते आणि तिथे काय करते, हे इथे लख्ख दिसतं.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांवर एक निबंध लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, ऐकलेली वाक्यं तशीच परत म्हणणारी, रोजच्या क्रमात जरा बदल झाला तरी आकांत करणारी. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट. त्याचे वडील वकील होते. कॅनरला भेटण्याआधी त्यांनी मुलाबद्दल तब्बल ३३ पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं होतं. ज्या निबंधापासून जगभरचं ऑटिझमचं शास्त्र सुरू झालं असं मानतात, त्याचा मोठा आधार पालकांनी केलेलं असं बारकाईचं निरीक्षण होतं. (मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच सहा मुलग्यांचं वर्णन १९२५ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. त्यांचं नाव अनेक दशकं मागे राहिलं.)

निबंधाच्या शेवटी कॅनरने ही अवस्था जन्मजात असल्याचं म्हटलं होतं. पण त्याच निबंधात, या मुलांच्या आईवडिलांत खरोखर प्रेमळ माणसं फार थोडी दिसली, असाही शेरा होता. दूरदूरहून बाल्टिमोरला पोचण्याची ऐपत आणि चिकाटी कोणाकडे असणार? वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा शिकलेल्या, नेमकं बोलणाऱ्या माणसांकडे. ही निवडीतून आलेली गोष्ट होती. कॅनरला ती स्वभावाची वाटली. १९४९ साली त्याने लिहिलेली, जणू शीतकपाटात ठेवलेल्या मुलांची प्रतिमा लोकांच्या मनात घट्ट बसली आणि 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. थंड आई.

या आरोपाला सर्वांत जास्त वजन दिलं ब्रूनो बेटेलहाइमने. व्हिएन्नात १९०३ साली जन्मलेला हा ज्यू माणूस नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांत बंदी होता. सुटून अमेरिकेत आला आणि १९४४ पासून शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या ऑर्थोजेनिक स्कूलचा प्रमुख झाला. छावणीत काही कैदी जगण्यावरची आशा सोडून सगळ्यापासून अलिप्त होताना त्याने पाहिले होते. ऑटिस्टिक मूलही तसंच जगाकडे पाठ फिरवतं, आणि त्याच्या बाबतीत छावणीच्या पहारेकऱ्याची जागा आईने घेतलेली असते, अशी मांडणी त्याने केली. १९६७ मधलं त्याचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक गाजलं. उपाय एकच होता : मुलाला आईबापांपासून दूर ठेवा.

जरा थांबून त्या काळातल्या आईचा विचार करावा. ती मूल घेऊन मदतीसाठी जाते. तिला सांगितलं जातं की हे मूल असं झालं, कारण मनातून ते तुला नकोच होतं. तिने नाही म्हटलं तर तो तिचा आत्मवंचनेचा पुरावा ठरतो. ती रडली तर अपराधी आणि नाही रडली तर थंड. कोणत्याही बाजूने खोडून काढता येणार नाही असा हा सापळा होता, आणि म्हणूनच त्याला शास्त्र म्हणणं चूक होतं. शास्त्राच्या दाव्यात तो चुकीचा ठरण्याची सोय असावी लागते. १९९० मध्ये बेटेलहाइमच्या मृत्यूनंतर त्याच्या शाळेतल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी मारहाणीच्या हकिगती सांगितल्या आणि त्याची डॉक्टरेट मानसशास्त्रातली नव्हती हेही लोकांसमोर आलं. तोवर मायांची एक पिढी तो डाग घेऊन म्हातारी झाली होती.

या सिद्धांताला पहिला मोठा तडाखा दिला एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हा सॅन दिएगोत नौदलासाठी काम करणारा मानसशास्त्रज्ञ. त्याचा मुलगा मार्क १९५६ मध्ये जन्मला आणि पाळण्यात असल्यापासून अखंड रडत असे. आपली बायको थंड नाही हे रिमलंड रोज डोळ्यांनी पाहत होता. त्याने मिळेल तो संशोधन-निबंध गोळा केला आणि १९६४ मध्ये, ऑटिझमचं मूळ मेंदूत आहे, अशी मांडणी करणारं पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना लिहिली खुद्द कॅनरने. पुढे रिमलंड आणि इतर पालकांनी उभारलेल्या संघटनेच्या १९६९ मधल्या सभेत कॅनरने जमलेल्या आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. मला हा प्रसंग मोठा वाटतो, पण कॅनरला सगळं माफ करण्याइतका मोठा वाटत नाही. त्या वीस वर्षांची भरपाई कोण करणार होतं?

निर्णायक पुरावा आला तो जुळ्यांच्या अभ्यासातून. सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक होती. वेगळ्या बीजांपासून झालेल्या दहा जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. घर तेच, आई तीच, वाढवण्याची पद्धत तीच, तरीही हा फरक. अभ्यास छोटा होता, पण दिशा पक्की ठरली. २०१९ मध्ये डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या वीस लाखांहून अधिक जणांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या गेल्या. ऑटिझमच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक घटकांशी जोडता येतो, असं त्यातून दिसलं. त्यात आईमुळे होणारा वेगळा परिणामही मोजला होता. तो जवळजवळ शून्य निघाला. आपल्याकडच्या प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर हा निष्कर्ष लिहावा असं मला वाटतं.

मोबाईलबद्दलही इथेच बोलायला हवं. लहान मूल तासन् तास पडद्यासमोर बसलं की त्याच्याशी होणाऱ्या गप्पा आणि खेळ कमी होतात, आणि भाषेला ते मारकच आहे. पडदा कमी करावाच. पण ऑटिझमची मुळं गर्भात मेंदू घडत असतानाच रुजलेली असतात. मूल मोबाईल ओळखायला लागतं ते नंतर. लशीचंही तेच. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्डने अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेला लशीवर संशय घेतला. 'लॅन्सेट' नियतकालिकाने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात लशीचा आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही. मात्र अपराधी मन हे चांगलं गिऱ्हाईक असतं. आपल्याच हातून काहीतरी राहिलं असं मानणारी आई कर्ज काढून स्टेम सेलच्या इंजेक्शनांपर्यंत पोचते, ज्यांची शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच नाकारली आहे.

आई सुटली. मग प्रश्न आला की या मुलांच्या मनात नेमकं वेगळं काय चालतं. १९८५ मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक साधा प्रयोग केला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे अ‍ॅन ती गोटी डब्यात लपवते. सॅली परतल्यावर गोटी कुठे शोधेल? टोपलीत, असं बहुतेक चार वर्षांची मुलं सांगतात, कारण सॅलीला काय ठाऊक आहे हे त्यांना कळतं. प्रयोगातल्या २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी डबा दाखवला. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांचं उत्तर मात्र बरोबर आलं, म्हणजे हा केवळ बुद्ध्यंकाचा मामला नव्हता. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधण्याची क्षमता इथे कमी पडते, असा सिद्धांत उभा राहिला. तो सुंदर होता आणि बरंच काही समजावणारा होता. पण त्या २० पैकी चौघांनी बरोबर उत्तर दिलं होतं, त्यांचं काय? आवाज, उजेड, कपड्याची टोचणारी शिवण यांचा होणारा त्रास या सिद्धांतात कुठे बसतो?

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. तो स्वतः ऑटिस्टिक आहे आणि एका ऑटिस्टिक मुलाचा बाप आहे. त्याचं म्हणणं असं की न समजणं दोन्हीकडून असतं. ऑटिस्टिक माणसाला आपलं मन कळत नाही हे आपण मोजलं, पण आपल्याला त्याचं कितीसं कळतं हे कधी मोजलं? पुढे एडिंबरातल्या संशोधकांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीतून गोष्ट तितकीच शाबूत पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीतून. दोन्ही प्रकारची माणसं मिसळली तिथे ती जास्त गळाली. या प्रयोगाचं मला फार मोल वाटतं, कारण त्याने प्रथमच आपल्यालाही परीक्षेला बसवलं.

याच दिशेचं एक काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं. 'संगाथ' ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतला एक गट यांनी ब्रिटनमधल्या संशोधकांसोबत 'पास' नावाची पद्धत तपासली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं त्यात होती. कार्यकर्ती घरी जाते, आई आणि मूल खेळत असताना त्यांचं चित्रण करते आणि मग दोघी मिळून ते बघतात. इथे त्याने डोळे वर केले, दिसलं का? इथे त्याला गोल झाकण हवं होतं, तुम्ही मात्र रंग विचारत राहिलात. मुलाला ओढून आपल्या खेळात आणण्याऐवजी त्याच्या खेळात शिरायचं. ही कार्यकर्ती तज्ज्ञ डॉक्टर नसते, प्रशिक्षण घेतलेली साधी आरोग्य कर्मचारी असते. आठ महिन्यांनी तपासलं तेव्हा पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीला जास्त जुळू लागला होता आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली होती. सगळं सुधारलं असं नाही. दोघांनी एकाच गोष्टीत गुंतून राहण्याचा वेळ उलट घटला, आणि संशोधकांनी तेही लपवलं नाही. पण बेटेलहाइमने जिला दाराबाहेर उभं केलं होतं, तीच आई इथे उपचाराच्या मधोमध बसली. ज्या जिल्ह्यांत बालविकासतज्ज्ञ औषधालाही सापडत नाही, तिथे आशा कार्यकर्तीच्या हाती देता येईल असं काही असेल तर ते हेच.

ऑटिझमबद्दल लिहिताना आपण बहुधा मुलांपाशीच थांबतो. डोनाल्ड ट्रिप्लेट मात्र ८९ वर्षं जगला. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा त्याने पदवी घेतलेली होती, गावातल्या बँकेत नोकरी केली होती, तो गोल्फ खेळत असे, गाडी चालवत असे, देशोदेशी एकटा फिरून आला होता. लहानपणी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला संस्थेत ठेवलं होतं, वर्षभरात आईबापांनी परत आणला. काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. मोजण्याचा त्याचा नाद बघून त्यांनी त्याला नांगरताना मक्याच्या ओळी मोजायला लावल्या. बँक त्याच्या आजोळच्या माणसांची होती, घरात पैसा होता, हे विसरता येत नाही. तरी त्या गावाने त्याला त्याच्या तऱ्हेसकट आपला मानलं, हेही खरं.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ते पक्कं झालं. दिव्यांगत्वाचा दाखला, यूडीआयडी ओळखपत्र, 'निरामय' योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा या गोष्टी आता निदान मागता येतात. पण मूल १८ वर्षांचं झालं की पालकांच्या प्रत्येक बैठकीत तोच प्रश्न निघतो, 'आमच्यामागे याचं कोण?' राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देते, आणि त्या पालकाकडे त्या माणसाची आणि त्याच्या मालमत्तेची जबाबदारी जाते. २०१६ चा कायदा मर्यादित पालकत्वाची भाषा करतो : निर्णय त्या व्यक्तीसोबत, तिच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा. हे दोन कायदे अजून एकमेकांशी नीट जुळलेले नाहीत. तोवर त्या समितीने आपल्यापुरतं एक करावं. समोर बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला, तोंडाने बोलता येत नसेल तर चित्रांची कार्डं पुढे ठेवून किंवा टॅबवर टाइप करायला देऊन, हवा तेवढा वेळ देऊन विचारावं की तुला कोणाजवळ राहायचं आहे, आणि ते उत्तर आदेशात नोंदवावं.