चाई: किडा नाही, आपल्याच पेशी

डोक्यात नाहीतर दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की घरातच निदान ठरतं. चाई पडली, रात्री किड्याने केस खाल्ले. असा किडा नसतोच.

केसाच्या मुळाकडे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एरवी फारशी फिरकत नाही. चाईत हे अभय संपतं. विषाणू शिरलेल्या पेशी मारणं हे ज्यांचं काम, त्या सीडी-८ टी-पेशी वाढत्या केसाच्या मुळालाच घेरतात. सूक्ष्मदर्शकाखाली जणू मोहोळ उठलेलं दिसतं. या पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्याला उत्तर म्हणून मुळातल्या पेशी इंटरल्यूकिन-१५ बनवतात आणि हल्लेखोरांनाच बळ मिळतं. चट्ट्याच्या कडेचे केस भिंगातून पाहा, वर जाड आणि मुळाशी निमुळते. पांढरे केस पुष्कळदा शाबूत राहतात.

सलूनमधल्या वस्तऱ्याने किंवा दुसऱ्याच्या कंगव्याने चाई लागत नाही. मुलाच्या डोक्यातला चट्टा खवल्यांचा, खाजणारा असेल, तर मात्र तो बहुधा बुरशीचा असतो आणि तो पसरतो. फरक डॉक्टरांनीच सांगावा.

पाण्यावरही खापर फुटतं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात अनेकांचे केस अचानक गळले, तेव्हाही आधी संशय पाण्यावर गेला. पुढच्या तपासात रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं आढळलं. ती केसगळती वेगळी, चाई वेगळी.

‘आता टक्कल कायमचं’ ही भीती सर्वांत जास्त छळते. चाईत केसाचं मूळ मरत नाही, नुसतं दबून राहतं. लहान चट्टे अनेकदा वर्षभरात आपोआप भरतात. श्रेय मिळतं चोळलेल्या लसणाला, ज्याने प्रत्यक्षात कातडी भाजू शकते. एखाद-दुसऱ्या चट्ट्यात त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.

चाई डोकंभर पसरली तर वेगळी औषधं लागतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की पेशींमधला ‘जॅक’ हा संदेशमार्ग अडवला तर हल्ला थांबतो आणि केस उगवतात. तोच मार्ग अडवणाऱ्या बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये चाईसाठी मान्यता मिळाली. ही गोळी प्रतिकारशक्तीच दाबते, म्हणून आधी क्षयरोगाची तपासणी हवीच. दुकानातून परस्पर घेण्याची ही वस्तू नव्हे. ती थांबवल्यावर अनेकांचे केस पुन्हा गळतात, कारण त्या टी-पेशी गेलेल्या नसतात.