गाडी नाशिकहून घ्यावी की तालुक्याला?

दसरा जवळ आला की आमच्या राजूरच्या आठवडे बाजारात भाजीपेक्षा गाडीची चर्चा जास्त. कुणाच्या तरी पोराला मोटारसायकल घ्यायची असते आणि अर्धा बाजार सल्ला द्यायला मोकळा असतो. ‘नाशिकला जा, दोन हजारांनी स्वस्त पडते.’ ‘येडा का तू? जिथून घेशील तिथंच सर्व्हिसिंगला जावं लागतं.’ गेल्या साली ही पाळी माझ्यावर आली. चौकशी केली तेव्हा दोन्ही सल्ले अर्धेमुर्धेच निघाले.

आधी सर्व्हिसिंग. फ्री सर्व्हिसिंग कंपनी देते, दुकान नव्हे. नाशिकला घेतलेली गाडी अकोले किंवा संगमनेरला त्याच कंपनीच्या अधिकृत केंद्रात दाखवता येते. तिथला माणूस नाक मुरडेल, तो भाग वेगळा. पण ‘फ्री’ म्हणजे मजुरी फ्री. ऑइलचे पैसे आपलेच. खरी मेख पुस्तिकेतल्या एका ओळीत असते: इतके किलोमीटर किंवा इतके दिवस, यांपैकी जे आधी भरेल ते. आवणीच्या दिवसांत आमच्याकडे गाडी महिनाभर पडवीत उभी असते. किलोमीटर भरले नाहीत म्हणून मालक निवांत, आणि दिवस केव्हाच उलटून गेलेले. मग पुढे काही बिघडलं की वॉरंटीचं घोडं तिथंच अडतं.

आता स्वस्ताईचं. जीएसटी देशभर एकच आहे. 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तो नाशिकलाही आणि अकोल्यातही. राज्याचा वाहन कर काही दुकानदार ठरवत नाही. मग दोन हजारांचा फरक येतो कुठून? बहुतेक वेळा कोटेशनच्या खालच्या ओळींतून. माझ्या हातात पडलेल्या एका कोटेशनात ‘हँडलिंग’ अशी एक रक्कम होती आणि तिच्याखाली ‘अॅक्सेसरीज किट’: क्रॅश गार्ड, सीट कव्हर, ग्रिप. हँडलिंग कसलं, म्हणून विचारलं तर ‘सरकारी चार्ज आहे काका’ असं उत्तर मिळालं. तसा सरकारी चार्ज नसतो. किट नको म्हटलं तर दुकानदाराला सक्ती करता येत नाही. तेव्हा तुलना करायची ती शेवटच्या आकड्याची नाही, एकेका ओळीची.

विम्याचा गैरसमज मात्र खरोखर महागात पडतो. ‘पाच वर्षांचा विमा काढलाय’ हे आमच्या गावात छातीठोकपणे सांगतात. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, हे खरं. पण त्यातून भरपाई मिळते ती समोरच्याची. आपली गाडी चोरीला गेली, ओढ्यात वाहून गेली, तर तिच्यासाठीचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो आणि तो दर वर्षी आपणच वाढवायचा असतो. शोरूम सांगेल त्याच कंपनीचा विमा घ्यावा, असंही बंधन नाही.

तालुक्याच्या छोट्या दुकानाला लोक ‘डुप्लिकेट शोरूम’ म्हणतात. तसं काही नसतं. तो बहुधा मोठ्या डीलरचा सब-डीलर असतो. त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: बिल कुणाच्या नावाचं, आणि मागे वर्कशॉप आहे का. ‘गाडी आज न्या, पासिंग नंतर होईल’ म्हणाला तर थांबावं. डीलरने पासिंग करून द्यायची नवी गाडी नंबर लागल्याशिवाय ताब्यात देऊ नये, असा कायदाच आहे.

राहिला गावचा मेस्त्री. ‘नव्या गाड्या त्याला कळत नाहीत’ हे निम्मंच खरं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जावं. पण चेन, ब्रेक, क्लच वायर, पंक्चर ही कामं तीस वर्षांपूर्वी होती तशीच आहेत आणि ती तो झाडाखाली बसून करतो. एवढंच बघायचं, की तो ऑइल कुठलं ओततोय. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं हवं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू लागतो, आणि ते कळतं ऐन घाटात, मागे बायको आणि पोतं असताना.

मी शेवटी एक साधी परीक्षा घेतली. बुकिंगच्या आधी दोन्ही दुकानांच्या स्पेअरच्या काउंटरवर जाऊन क्लच वायर मागितली. शहरातला म्हणाला, ‘ऑर्डर टाकतो, चार दिवसांनी फोन करा.’ तालुक्याच्या पोराने मोबाइलवरची नजरही न काढता खालचा ड्रॉवर ओढला आणि पाकीट काउंटरवर टाकलं. वायर घेतली, आणि बुकिंगचे पैसेही तिथंच मोजले.