वाफशाचा आकडा

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की मराठवाड्यातल्या लोहाऱ्याच्या शिवारात दोन-तीन दिवस कुणी वावरात पाय घालत नाही. घातलाच तर चप्पल तिथंच राहते. काळी माती तळपायाला अशी बिलगते की दहा पावलांत पाय उचलणं जड होतं. मग एका सकाळी घरातलं जुनं माणूस बांधावरून आत उतरतं. वीतभर खालची मूठभर माती उकरतं, तिचा लाडू वळतं आणि कमरेच्या उंचीवरून सोडून देतं. लाडू चपटा होऊन बसला तर अजून थांबायचं. लाडू वळलाच नाही तर उशीर झाला. आणि वळून, खाली पडून भुसभुशीत फुटला तर एकच शब्द: वाफसा आला. तिफण जुंपायची.

वाफसा या शब्दात दोन गोष्टी एकत्र नांदतात. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे. बी भिजेल इतकं पाणी, मुळं गुदमरणार नाहीत इतकी हवा. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी हा शब्द आपल्या नैसर्गिक शेतीचा एक आधारस्तंभ केला आणि तो मराठी मुलखाबाहेर थेट आंध्रापर्यंत गेला. तिकडचे शेतकरीही आता तो आहे तसाच वापरतात.

आता या मुठीच्या शेजारी एक नवी वस्तू येऊन उभी राहिली आहे. वीतभर लांबीची, दोन-तीन चपट्या सळयांची, काट्या-चमच्यातल्या काट्यासारखी दिसणारी. ती मातीत खुपसून ठेवायची. वर छोटी पेटी, पेटीला सौरपट्टी, आणि मोबाईलवर दर काही मिनिटांनी आकडा: मातीत ओल इतके टक्के. महाराष्ट्रात ठिबकवरच्या द्राक्षांच्या, डाळिंबाच्या, उसाच्या रानांत हे काटे दिसू लागले आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने तर उसाच्या फडातले असे आकडे, हवामानाची नोंद आणि उपग्रहाची छायाचित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे ठेवून सल्ला देण्याचा प्रयोग मांडला आहे.

पण हा काटा नेमकं मोजतो काय? मातीला न उकरता, न वाळवता, न तोलता त्याला आतलं पाणी कळतं कसं?

आधी हे पाणी किती असतं ते पाहू. एकरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. खोल काळी माती मीटरभर थरात पिकाला वापरता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. दीडशेच धरा: एका एकराच्या पोटात सहा लाख लिटर. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लोहाऱ्याशेजारच्या तहानलेल्या लातूरला पोहोचली, तेव्हा सगळा देश तिच्याकडे पाहत होता. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. भरल्या पावसाळ्यानंतर लोहाऱ्यातल्या एका खोल काळ्या एकरात त्याहून जास्त पाणी निमूटपणे बसलेलं असतं. रब्बीची ज्वारी त्याच पाण्यावर उभी राहते. हस्ताच्या आसपास पेरायची आणि पुढे चार महिने आभाळाकडे न पाहता, फक्त पायाखालच्या ओलीवर कणीस धरायचं. मालदांडीची सगळी कीर्ती या साठ्यावर उभी आहे.

ही माती एवढं पाणी ठेवते कुठे? दख्खनच्या काळ्या खडकाला साडेसहा कोटी वर्षांहून जास्त वय आहे. तो झिजून, कुजून त्यातून स्मेक्टाइट नावाचं चिकणखनिज तयार झालं. हे खनिज म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या पातळ पत्र्यांची चवड. पाणी या पत्र्यांच्या मधे शिरतं, पत्रे एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते. पाणी गेलं की चवड मिटते, माती आक्रसते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. एका ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटमधले सगळे पत्रे उलगडून अंथरले तर त्यांचा पसारा सातशे चौरस मीटरच्या वर जातो. म्हणजे जवळजवळ सात गुंठे! सहा ग्रॅमच्या चिमटीत अख्खा एकर घडी घालून ठेवलेला असतो.

आता काट्याकडे येऊ. पाण्याचा रेणू बेचकीसारखा असतो. बेचक्यात ऑक्सिजन, दोन टोकांना हायड्रोजन. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे विजेचं क्षेत्र लावलं की रेणू वळून तोंड तिकडे करतो. क्षेत्र उलटं केलं की तोही उलटतो. काट्याच्या सळयांमध्ये हे क्षेत्र सेकंदाला कित्येक कोटी वेळा उलटसुलट होत असतं आणि हलगीच्या ठेक्यावर लेझमाचा ताफा वळावा तसे पाण्याचे रेणू एकजात वळत असतात. मातीच्या खनिजांचे कण मात्र बघ्यांच्या गर्दीसारखे जवळपास जागचे हलत नाहीत.

या वळण्याच्या तयारीला एक अंक आहे. हवेचा १, कोरड्या खनिजांचा साधारण ४ ते ५, आणि पाण्याचा ८०. निसर्गाने मातीतल्या सगळ्या घटकांत पाण्यालाच इतकं वेगळं पाडलं आहे. म्हणून ढेकळात थोडंसं पाणी वाढलं तरी सळयांमध्ये साठणारा विद्युतभार लगेच वाढतो. काटा पाणी पाहत नाही. तो हा भार मोजतो आणि त्यावरून किती बेचक्या नाचत आहेत याचा अंदाज बांधतो.

काट्याची दुसरी जात याहून देखणी आहे. तिच्यात सळयांवरून विजेचा एक ठोका सोडतात. तो टोकाला आदळून परत येतो आणि त्याला लागलेला वेळ मोजतात. पंधरा सेंटीमीटरच्या सळईवर जाऊन-येऊन प्रवास तीस सेंटीमीटरचा. मोकळ्या हवेत तो एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात पुरा होतो. कोरड्या मातीत दोन लागतात, चांगल्या ओल्या मातीत पाच, आणि निव्वळ पाण्यात सुमारे नऊ. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या ठोक्याला ओलीमुळे किती उशीर झाला, यावरून ओल ठरते! कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अॅनन या तिघांनी १९८० साली हा उशीर आणि ओल यांचं नातं एका सूत्रात बांधलं. आजही जगभर ते सूत्र पहिल्या पावलाला वापरतात.

पहिल्याच पावलाला, कारण पुढे काळी माती आडवी येते.

त्या सात गुंठ्यांच्या पत्र्यांना चिकटून बसलेलं पाणी मोकळं नसतं. जत्रेत भिंतीशी चेंगरलेल्या माणसाला वळताही येऊ नये, तसे तिथले रेणू अडकलेले असतात. ते नाचत नाहीत, म्हणून मोजणीत पुरते येत नाहीत. उलट मातीत क्षार असतील तर त्यांतून वीज झिरपते आणि स्वस्तातला काटा ओल फुगवून सांगतो. त्यातून भेगा. सळईला लागून भेग पडली की काट्याला हवाच दिसते. आकडा धाडकन खाली येतो आणि चार बोटांवरची माती मात्र ओलीच असते. कोळपणी करून भेगा बुजवायच्या, म्हणजे ओल उडत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं तो उगाच म्हणत नाही. आता तीच कोळपणी काट्याचंही खोटं बोलणं थांबवते.

भेगांची एक गंमत तर काट्याशिवाय दिसलीच नसती. एक काटा वीतभर खोल, दुसरा हातभर खोल असे दोन पुरले, तर वळवाच्या पहिल्या सरीला कधी कधी खालचा काटा आधी ओल दाखवतो. पाणी भेगेतून सरळ खाली उतरतं, माती तळातून फुगत येते आणि वरचा थर मागाहून भिजतो. आधी पाय भिजतात, मग डोकं!

समजा काटा अगदी खरं बोलला. पडद्यावर आलं: पंचवीस टक्के. याचा अर्थ काय? नदीकाठच्या वाळूसर जमिनीत पंचवीस टक्के म्हणजे नुकतंच भरपूर पाणी दिलेलं रान. लोहाऱ्याच्या भारी काळ्या जमिनीत पंचवीस टक्के म्हणजे माना टाकलेलं पीक. आकडा तोच, एकीकडे पीक मजेत आणि दुसरीकडे तहानेने व्याकूळ. मातीत पाणी किती आहे, हा अर्धा प्रश्न झाला. ती ते किती घट्ट धरून बसली आहे, हा उरलेला अर्धा.

हा घट्टपणा मोजायचं साधन या काट्यांहून जुनं आहे. त्याला टेन्शिओमीटर म्हणतात. पाण्याने भरलेली नळी, तिच्या टोकाला माठासारख्या सच्छिद्र मातीचा छोटा पेला, वर दाब दाखवणारी तबकडी. पेला मुळांजवळ पुरला की कोरडी होत जाणारी माती नळीतलं पाणी छिद्रांतून ओढू लागते. माठातून पाणी पाझरतं तसंच. ती किती जोराने ओढते आहे ते वर दिसतं. पण ऐंशी सेंटिबारच्या आसपास नळीत हवा शिरते आणि यंत्र हात टेकतं. मूळ मात्र हात टेकत नाही. पीक कायमचं कोमेजण्याची सीमा पंधराशे सेंटिबार, म्हणजे पंधरा बार धरली जाते. हा जोर दीडशे मीटर उंचीवर पाणी चढवायला लागतो तेवढा. मराठवाड्यात हे फुटांतच सांगावं लागेल: पाचशे फूट. डिसेंबरात शेवटच्या ओलीवर उभं असलेलं ज्वारीचं ताट, पाचशे फुटी बोअरमधून पाणी उपसायला जेवढा जोर लागतो तेवढ्या जोराने मातीच्या पत्र्यांतून पाणी ओढत असतं. ना मोटार, ना वीजबिल. पानातून उडणारी वाफ पाण्याचा अखंड धागा वर खेचत राहते, आणि ती वाफ उडवतो सूर्य.

हे पाहताना नजर आभाळाकडेही जाते, कारण बेचकीच्या त्याच नाचावर उपग्रहही ओल वाचतात. जमिनीतून सूक्ष्मलहरी सतत बाहेर पडत असतात. माती ओली झाली की त्या घटतात. ३१ जानेवारी २०१५ रोजी झेपावलेला नासाचा स्मॅप हा उपग्रह याच फरकावर पृथ्वीची ओल वाचतो. पण त्याला फक्त वरची पाचेक सेंटीमीटर माती कळते आणि त्याच्या एका ठिपक्यात आपल्याकडची कितीतरी गावं मावतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासाचा जोड उपग्रह रडारच्या लहरी सोडून परतलेला प्रतिध्वनी ऐकतो, दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो आणि कितीतरी बारीक पाहतो. तरी हातभर खालची ओल, जिच्यावर ज्वारी जगते, ती आभाळातून दिसत नाही. तिथे काटाच लागतो.

आणि काट्याला लागतो अर्थ. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने केलेल्या ओल-दर्शकात हे शहाणपण दिसतं. हातातल्या त्या छोट्या यंत्रावर दिवे लागतात: निळा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे कमी, लाल म्हणजे फारच कमी. टक्केवारीच्या फंदात न पडता पाणी द्यायचं की थांबायचं एवढंच ते सांगतं. पण हा दिवा कुठल्या आकड्याला बदलायचा हे प्रत्येक मातीसाठी कुणीतरी ठरवावंच लागतं.

प्रयोगशाळेची रीत जुनी आणि खात्रीची. ओली माती तोलायची, १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत चोवीस तास वाळवायची, पुन्हा तोलायची. जितकं वजन घटलं तितकं पाणी. काट्याचा आकडा या वजनाशी ताडून पाहायचा. काळ्या मातीत त्यातही एक फट राहते. वाळताना ती आक्रसते, म्हणून पाण्याचं प्रमाण काढायला धरलेलं मातीचं आकारमानच मोजता मोजता बदलतं.

शेतात मात्र याहून सोपी, आणि कदाचित जास्त कामाची रीत आहे. पावसाळ्याच्या तोंडी काटा पुरा. सळयांभोवती माती हाताने घट्ट दाबा, पोकळी ठेवू नका. पाऊस झाला की आकडा चढेल. पाऊस थांबल्यावर पहिले एक-दोन दिवस तो झपाट्याने उतरेल, कारण मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून जात असतं. मग उतार मंदावेल. पोकळ्यांत हवा परत आली, बारीक फटींत पाणी राहिलं. याच सुमाराला जुनं माणूस बांधावरून आत उतरेल, मूठभर माती उकरेल, लाडू वळेल आणि सोडून देईल.

तो फुटला की पडद्यावर जो आकडा असेल तो वहीत लिहा. भारी जमिनीत एक येईल, मुरमाड तुकड्यात दुसरा. शेजाऱ्याचा आपल्याला चालणार नाही. पुढच्या वर्षी जुनं माणूस वावरात उतरायला असेल-नसेल. वहीतल्या त्या आकड्यासमोर मात्र त्याच्याच शब्दात लिहून ठेवा: वाफसा.