झूम भिंग लहान कसे झाले?

झूम भिंग दूरचे दृश्य जवळ ओढते, असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता कॅमेऱ्यात कोणी काही ओढत नाही. भिंगाचे केंद्रांतर वाढले की दूरच्या वस्तूची प्रतिमा त्याच प्रमाणात मोठी पडते, एवढेच. लहानपणी भिंग उन्हात धरून कागद जाळण्याचा खेळ बहुतेकांनी केला असेल. कागदावर उन्हाचा अगदी बारीक ठिपका पडतो, त्या वेळी भिंग आणि कागद यांत जे अंतर असते तेच केंद्रांतर. एकट्या काचेचे केंद्रांतर तिच्या घडणीतच कायमचे ठरून जाते. ते बदलते हवे असेल तर निदान दोन भिंगे पाहिजेत, आणि त्यांच्यामधली जागा कमीजास्त करता आली पाहिजे. झूमची सगळी किमया या मधल्या जागेत आहे.

तत्त्व सोपे, पण वस्तू बोजड. १९५९ साली फोग्टलेंडर कंपनीने ३५ मिलीमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी ‘झूमार’ नावाचे भिंग बाजारात आणले. स्थिर छायाचित्रांच्या अशा कॅमेऱ्यासाठी विक्रीला आलेले ते पहिले झूम. त्याची रचना फ्रँक बॅक यांची. केंद्रांतर ३६ ते ८२ मिलीमीटर, आत १४ काचा, आणि तोंडावर बसवायचा फिल्टर ९५ मिलीमीटर व्यासाचा! कॅमेऱ्याला भिंग लावले आहे की भिंगाला कॅमेरा, असा प्रश्न पडावा.

लहानपणाच्या आड येणारी एक गोष्ट म्हणजे आरसा. ज्या कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच दृश्य पाहतो, त्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा वरखाली होत असतो. त्याला जागा सोडावी लागते. म्हणून अशा झूमच्या पुढच्या बाजूस प्रकाश फाकवणारे अंतर्गोल भिंग आणि मागे तो एकवटणारे बहिर्गोल भिंग ठेवतात. त्यामुळे प्रतिमा मागे सरकते. कॅननने १९७३ साली ३५–७० मिलीमीटरचे झूम अशाच दोन गटांवर बेतले. (इथे ज्याला आपण एक भिंग म्हणतो, तो प्रत्यक्षात कित्येक काचांचा गट असतो. एका काचेचा दोष दुसरीने झाकायचा, असा तो संसार आहे.) यंत्रणा सुटसुटीत झाली, तरी ते खिशात मावण्यासारखे नव्हते.

“मग आरसाच काढून टाकला तर?” नेमके तेच झाले. १९८६ च्या ‘पेंटॅक्स झूम ७०’ या छोट्या कॅमेऱ्यात दृश्य पाहायला वेगळी खिडकी होती, आरसा नव्हता. आता भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येत होते. त्यामुळे रचनेचा क्रम उलटता आला. बहिर्गोल पुढे, अंतर्गोल मागे.

याने काय साधते ते आकड्यांनी पाहू. आकडे पेंटॅक्सचे नव्हेत, हिशेबाच्या सोयीचे आहेत. पुढे २५ मिलीमीटर केंद्रांतराचे बहिर्गोल भिंग आणि मागे तेवढ्याच ताकदीचे अंतर्गोल भिंग घ्या. दोन्ही भिंगांमध्ये १८ मिलीमीटर अंतर ठेवले, तर जोडीचे केंद्रांतर सुमारे ३५ होते. अंतर ९ वर आणले की ७० च्या जवळ जाते. फिल्म मागच्या भिंगापासून पहिल्या वेळी १० आणि दुसऱ्या वेळी ४५ मिलीमीटरवर लागते. म्हणजे पुढच्या भिंगापासून फिल्मपर्यंतची एकूण लांबी २८ आणि ५४ मिलीमीटर. सत्तरचे काम चोपन्नात झाले! आणि कॅमेरा बंद केला की नळी आत घेता येतेच.

पण हे फुकट मिळत नाही. मागचे अंतर्गोल भिंग पुढच्या भिंगाने केलेली प्रतिमा फुगवते. आपल्या उदाहरणात आधी १.४ पट, मग २.८ पट. प्रकाश तेवढाच, पण तो चौपट जागेवर पसरायचा. म्हणून पेंटॅक्सच्या त्या भिंगावरचा एफ आकडा एका टोकाला ३.५, तर दुसऱ्या टोकाला ६.७ होता. हा आकडा दुप्पट झाला की फिल्मला पाव प्रकाश मिळतो आणि शटर चौपट वेळ उघडे ठेवावे लागते. त्यात दूरचे मोठे केले म्हणजे हाताचा कंपही मोठा होऊन उमटतो. लग्नमांडवात संध्याकाळी काढलेले फोटो हललेले का निघत, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. दुसरी किंमत कारखान्याला मोजावी लागते. पुढचे भिंग एका शतांश मिलीमीटरने चुकले, तर फिल्मवर स्पष्टतेची जागा त्याच्या सुमारे आठपट सरकते, कारण इथे वाढीचा वर्ग होतो. म्हणून झूमच्या नळीतल्या वाकड्या खाचा कमालीच्या अचूक कापाव्या लागतात. आमच्या मते झूमचे अर्धे श्रेय तरी या खाचा कापणाऱ्यांना द्यायला हवे, पण जाहिरातीत त्यांचे नाव येत नाही.

फिल्म जाऊन इलेक्ट्रॉनिक संवेदक आला, तेव्हा गणित पुन्हा बदलले. संवेदक नखाएवढा, म्हणून भिंगेही इवलीशी पुरतात. मात्र त्याला कडेचे किरण फार तिरपे चालत नाहीत, तेव्हा अंतर्गोल भिंग पुन्हा पुढे आले. गोलाकार नसलेल्या पृष्ठांच्या, साच्यात दाबून केलेल्या काचांमुळे थोड्या काचांत काम भागू लागले. मिनोल्टाने २००२ च्या ‘डिमाज एक्स’ मध्ये पुढच्या काचेमागे लोलक बसवून प्रकाश काटकोनात खाली वळवला. झूमची हालचाल पोटातच उभी होई, बाहेर काही येत नसे. जाडी २० मिलीमीटर. पुढच्याच वर्षी पेंटॅक्सने ‘ऑप्टिओ एस’ मध्ये वेगळीच युक्ती केली. कॅमेरा बंद होताना भिंगांचा एक गट रांगेतून बाजूला सरकतो आणि बाकीचे त्याच्या जागेत शिरतात. जाडी तीच, वीस. आम्हाला ही दुसरी युक्ती अधिक आवडते. गर्दीच्या गाडीत चौथी सीट करून घेण्याचा प्रकार!

फोनची गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे वीस मिलीमीटरही नाहीत. ह्युआवेने २०१९ च्या ‘पी ३० प्रो’ मध्ये प्रकाश काटकोनात वळवून लांब केंद्रांतराचे भिंग आडवे निजवले. पण त्याचे केंद्रांतर कायमचे एकच. सोनीच्या २०२२ च्या ‘एक्सपीरिया १ फोर’ मध्ये मात्र गट खरोखरच सरकतात. फिल्म कॅमेऱ्याच्या मापात त्याचा पल्ला ८५ ते १२५ मिलीमीटर, म्हणजे पुरता दीडपटही नाही. बहुतेक फोनांत दोन-तीन स्थिर भिंगे असतात. त्यांच्या मधल्या टप्प्यांत फोन चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो. उजेड कमी असेल तर कित्येक फोन लांब पल्ल्याचे भिंग वापरतच नाहीत. मुख्य भिंगाच्या चित्रातून तुकडा कापतात आणि पडद्यावर आकडा मात्र झूमचाच दाखवतात.