एक पेला चहा आणि धर्माची वेस

बुधवार पेठेत तांबडी जोगेश्वरीचं देऊळ आहे. ही पुण्याची ग्रामदेवता. कसब्याच्या गणपतीला आणि जोगेश्वरीला अक्षत दिल्याशिवाय लग्नाच्या आमंत्रणांना सुरुवात करायची नाही, हा रिवाज पुण्यातली कितीतरी घरं आजही पाळतात. देवळापासून थोडं चाललं की दगडूशेठ हलवाई गणपतीचं मंदिर लागतं. ज्यांच्या नावानं हा गणपती ओळखला जातो ते दगडूशेठ गडवे लिंगायत होते. म्हणजे गळ्यात इष्टलिंग धारण करणाऱ्या आणि मूर्तिपूजेपेक्षा त्या लिंगाची पूजा श्रेष्ठ मानणाऱ्या परंपरेतले. मंदिरासमोर भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. याच पेठेत प्रार्थना समाजाचं मंदिरही आहे आणि त्यात मूर्ती नाही.

चार वाटांची ही माणसं एकाच पेठेत वावरली. त्यांतलं कोण कुठल्या धर्माचं, हे ठरवायचं कशावरून? मनातल्या श्रद्धेवरून, जन्मावरून, जेवणाच्या पंगतीवरून की सरकारी कागदावरून? या प्रश्नाचा जेवढा लख्ख पुरावा एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यानं मागे ठेवला आहे, तेवढा फार थोड्या शहरांनी ठेवला असेल.

प्रार्थना समाजापासून सुरुवात करू. मुंबईत १८६७ मध्ये आणि पुण्यात १८७० मध्ये तो स्थापन झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याचे आधारस्तंभ. ईश्वर एकच आहे, तो निराकार आहे, अवतार आणि मूर्तिपूजा मानायची नाही, कोणताही ग्रंथ ईश्वरानं स्वतः सांगितलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. आठवड्याच्या उपासनेत प्रवचन असे आणि तुकोबांचे अभंग गायले जात. परंपरानिष्ठ हिंदूच्या श्रद्धेतले बहुतेक खांब या मंडळींनी काढून टाकले होते. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण 'मूर्ती मानत नाही' एवढ्यासाठी रानड्यांना कोणी वाळीत टाकलं नाही. घरातली श्राद्धं, मुंजी, लग्नं जुन्याच पद्धतीनं चालू होती, तोवर मनात काय आहे याची चौकशी करायला कोणी आलं नाही.

चौकशी झाली ती चहामुळे.

गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन बुधवार पेठेपासून जवळच आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथल्या मिशनऱ्यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावलं. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. आणखीही बरेच होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती घेऊन खाली ठेवला. पुढे 'पुणे वैभव' या पत्रात उपस्थितांची नावं छापून आली आणि शहरात वादळ उठलं. ती नावं बाहेर आणण्यामागे गोपाळराव जोशी होते. भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाईंचे पती. बाळासाहेब नातूंच्या पुढाकारानं सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली. शास्त्र्यांचं चौकशी मंडळ बसलं. हेच पुढे 'चहा ग्रामण्य' म्हणून प्रसिद्ध झालं.

ग्रामण्य म्हणजे नक्की काय, हे आजच्या वाचकाला नीट समजायला हवं. बहिष्कार पडलेल्या घरी भटजी येत नाहीत. श्राद्धाच्या पानावर ब्राह्मण बसत नाही. स्वयंपाकी मिळत नाही. मुलीला स्थळ येत नाही, मुलाची मुंज अडते, आणि घरात कोणी गेलं तर खांदा द्यायला माणसं मिळतील की नाही अशी धास्ती असते. झळ फक्त चहा पिणाऱ्याला लागत नसे. त्याची सासुरवाशीण बहीण, म्हातारे आईवडील, त्याच्याकडे जेवून गेलेला पाहुणा, सगळे त्या कचाट्यात सापडत.

टिळक शास्त्राच्या आधारानं लढले. काशीला आपण प्रायश्चित्त घेतलं आहे, असा दाखला त्यांनी पुढे केला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात रमाबाई रानड्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. रमाबाईंना स्वतःला ते रुचलं नव्हतं. रानड्यांनी ते केलं ते अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी. सुधारकांनी त्यांना यावरून फार बोल लावले. मला तो निवाडा कठोर वाटतो. ज्या समाजात शिक्षा माणसाला एकट्याला होतच नाही, तिथे एकट्यानं हुतात्मा होण्याची मुभाही त्याला नसते.

या प्रकरणातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. निराकार ईश्वर मानणारा रानडे चालत होता. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा घेतल्याचा संशय असलेला रानडे चालत नव्हता. म्हणजे धर्माची वेस श्रद्धेवर नव्हती, ती पंगतीवर होती. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या परमहंस सभेनं हे अचूक ओळखलं होतं. दादोबा पांडुरंगांच्या त्या गुप्त मंडळीत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. जातिभेद मानत नाही असं तोंडानं म्हणणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. १८६० मध्ये सभेचे कागद चोरीला गेले, सभासदांची नावं उघड होण्याची भीती पसरली आणि सभाच संपली.

त्याच १८९० सालात, पंचहौद मिशनपासून फार लांब नसलेल्या गंज पेठेत जोतीराव फुले आजारी होते. १८८८ मध्ये पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला होता. डाव्या हातानं लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं होतं. चहाच्या त्या प्रसंगानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ नोव्हेंबरला ते गेले आणि पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. घरातल्या बाईनं आपल्या विचारानं बौद्ध धर्म स्वीकारावा, तिच्या नवऱ्यानं ख्रिस्ती व्हावं, मुलीनं इस्लाम पत्करावा आणि मुलानं सत्यधर्म. आणि या सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात प्रेमानं नांदावं. शहर चहाच्या एका पेल्यावरून माणसं वाळीत टाकत होतं तेव्हा हे हस्तलिखित तयार होतं. एकोणिसाव्या शतकात मराठीत याहून धीट विचार मांडला गेल्याचं माझ्या वाचनात नाही. धर्म ज्याचा त्यानं निवडायचा, तोही तपासून, आणि तिचा तिनं निवडायचा, हे फुल्यांनी एका घरात घडवून दाखवलं.

फुले लिहून थांबले नव्हते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं. बहिष्काराचं मुख्य हत्यार भटजीच्या नकारात होतं. भटजीची गरजच उरली नाही तर ते हत्यार बोथट होतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

चहाच्या प्रसंगानंतरच्या तीन-चार वर्षांत वेस आणखी एका ठिकाणी पडली. तोवर पुण्यात मोहरमच्या मिरवणुकीत हिंदूही ताबूत काढत, नवस बोलत, नाचत. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनंतर आणि सार्वजनिक गणेशोत्सवाच्या उभारणीनंतर हे झपाट्यानं कमी झालं. गणेशोत्सवात गाणाऱ्या मेळ्यांच्या पदांतून हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवावी असं सांगितलं जाऊ लागलं. बुधवार पेठ या घडामोडीच्या मध्यभागी होती. भाऊ रंगारींचा आणि दगडूशेठांचा गणपती इथलाच. गणेशोत्सवानं अनेक जातींची माणसं एका मिरवणुकीत आणली, हे त्याचं मोठं काम. पण ताबुताखाली खांदा देणारा हिंदू त्याच काळात दिसेनासा झाला. आपलेपणाचं एक वर्तुळ मोठं होताना दुसरं पुसलं गेलं.

उघडपणे धर्म बदलणाऱ्यांचीही या वेशीतून सुटका नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पण आपल्याला पटेल तेवढंच मानायचं हा त्यांचा बाणा होता. त्या शाकाहारी राहिल्या आणि ख्रिस्ती सिद्धान्तांवरून आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशीच वाद घालत राहिल्या. इकडे १८९३ मध्ये, त्यांच्या शारदासदन या शाळेतल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या कारणानं रानडे-भांडारकर तिच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्ही बाजूंना ही बाई पुरती आपली वाटली नाही.

१९२९ च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी दलितांचा सत्याग्रह झाला. जनगणनेत ज्यांची गणना हिंदू म्हणून होई, त्यांनाच त्या देवळात जाऊ दिलं जात नव्हतं. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. सहा वर्षांनी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. लाखो अनुयायांना त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. आपण कोण, हे या माणसांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कागदानं मात्र त्यांना फार काळ ताटकळत ठेवलं: केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडलं. धर्मांतरित ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही त्या यादीबाहेर आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रातले.

कायद्याला ही वेस आखताना सतत अडचण आली आहे. १८७२ च्या विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणीच नाही असं लिहून द्यावं लागे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं उलट बाजू धरली: बौद्ध, जैन, शीख यांना त्यानं आपल्यात घेतलं, आणि जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्यालाही तो साधारणपणे लागू झाला. हिंदू कोण, याची सरळ व्याख्या त्यानंही केली नाही.

ती करायची वेळ १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींचा दावा असा की आपण हिंदू नाही, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही. म्हणजे दलितांना मंदिरात घ्यायचं बंधन आपल्यावर नाही. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी तो फेटाळला. ते साताऱ्याचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. निकालात त्यांनी लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला: वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची विविधता आणि उपास्य दैवतांबाबत बंधन नसणं. पंचहौदच्या चहावरून ज्यांना प्रायश्चित्ताचा दाखला दाखवावा लागला, त्याच टिळकांच्या या व्याख्येत खाण्यापिण्याचा उल्लेख नाही. पण वेदांची अट आहे, आणि तिच्यामुळे बौद्ध व जैन बाहेर राहतात. सावरकरांनी १९२३ मध्ये पितृभू आणि पुण्यभूची कसोटी लावून त्यांना आत घेतलं. मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेर ठेवले. प्रत्येक व्याख्येनं कोणाला तरी उंबऱ्याबाहेर उभं केलं आहे, आणि हे ठरवणारा नेहमी दुसराच कोणी होता.

म्हणून मला जनगणनेतला एक नियम मोलाचा वाटतो. माणूस आपला धर्म जो सांगेल तोच प्रगणकानं लिहायचा असतो. त्यावर वाद घालायचा नाही, पुरावा मागायचा नाही, आणि कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच घरातल्या सर्वांचा असं गृहीतही धरायचं नाही. फुल्यांनी कल्पिलेलं ते चार धर्मांचं घर जनगणनेच्या तक्त्यात जसंच्या तसं भरता येतं. २०११ मध्ये २८ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदीत धर्म सांगितलेलाच नव्हता. तेही उत्तरच आहे.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. प्रगणक दारात येतील तेव्हा बहुतेक घरांत कर्ता पुरुष सगळ्यांच्या वतीनं एका दमात उत्तरं देऊन टाकेल. तसं होऊ देऊ नका. घरातल्या बायकोला, आईला, कॉलेजात जाणाऱ्या लेकीला आणि मुलाला त्या आधी एकदा विचारा, तुझा धर्म काय लिहू? आणि जे उत्तर येईल, तेच लिहायला सांगा.