पाने आधी, मुळे नंतर

शेजाऱ्यांची बोगनवेल बहरलेली पाहिली की आपण तिची एक फांदी मागून आणतो, कुंडीत खोचतो आणि रोज पाणी घालतो. दोन आठवड्यांत डोळे फुटतात, कोवळी पाने येतात. कलम जगले असे वाटते आणि एके दिवशी सारे कोमेजून जाते. उपटून पाहावे, तर खाली एकही मूळ नसते! असे का होते?

शिदोरी संपते

तोडलेल्या फांदीत थोडे पाणी आणि पिष्टमय अन्न साठवलेले असते. डोळे फुटतात ते याच शिदोरीवर. पाने आली म्हणजे मुळे आली असे मुळीच नाही. उलट, नवी पाने बाष्पोच्छ्वासाने पाणी बाहेर टाकू लागतात. खर्च वाढतो, जमा मात्र शून्य! मुळे फुटण्याआधी पाणी संपले, की फांदी वाळते.

फलटणसारख्या गावी हा खर्च अधिकच. फलटण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथे वर्षाला पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरला सुमारे दहापट! कोरड्या वाऱ्यात पानांतील पाणी झपाट्याने उडते. म्हणून येथे कलम करायचे ते पावसाळी दिवसांत आणि ठेवायचे ते वारा न लागणाऱ्या सावलीत.

मुळे कोठून येतात?

खोडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात. त्याच्या लगतच्या पेशींतून नव्या मुळांचे अंकुर निघतात. त्यांना चालना देणारे ऑक्सिन हे द्रव्य डोळ्यांत व कोवळ्या पानांत तयार होते आणि खाली वाहत येऊन छेदापाशी साठते. इंडोल अॅसेटिक आम्ल या ऑक्सिनाने मुळे फुटतात, हे १९३५ च्या सुमारास दिसून आले. रोपवाटिकेत वापरतात त्या पुडीत बहुधा त्याचाच भाऊबंद, इंडोल ब्युटिरिक आम्ल, असतो. ऑक्सिन शेंड्याकडून बुडख्याकडे वाहते, म्हणून फांदी उलटी खोचू नये.

कोणत्या वेलीला कोणती रीत?

*बोगनवेल :* पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी घ्या. तीन-चार डोळ्यांचा, वीतभर लांबीचा तुकडा करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. सगळी पाने काढा आणि दोन डोळे मातीत जातील असा तुकडा लावा. निम्मी वाळू व निम्मे पानांचे कुजलेले खत चांगले. माती ओलसर हवी, चिखल नको. चिखलात हवा नसते व बुडखा कुजतो. दीड-दोन महिने तुकडा हलवू नका.

*जुई :* हिला दाब कलम सोयीचे. लवचीक फांदी वाकवून पेऱ्यापाशी सालीला छेद द्या, तो भाग मातीत दाबा व वर दगड ठेवा. फांदी आईपासून तुटलेली नसल्याने तिला पाणी मिळतच राहते. मुळे धरल्यावरच ती कापून वेगळी करा.

*मधुमालती :* मुळाशी येणारे फुटवे मुळांसकट काढून लावावेत.

*गोकर्ण :* बी रात्रभर भिजवून पेरा.

बी की कलम?

बियांपासून आलेली बोगनवेल आईसारखीच निघेल असे नाही. कलमाची वेल मात्र आईची हुबेहूब प्रत असते. ‘माहारा’ या दुहेरी फुलांच्या बोगनवेलीला तर बी धरतच नाही; ती गावोगावी पोचली ती कलमांवरच. मात्र आईत एखादा विषाणू असेल, तर तोही सोबत येतो. म्हणून फांदी निरोगी वेलीचीच घ्यावी.

करून पाहा

पाने अन्न आणि ऑक्सिन देतात, पण पाणीही घालवतात. मग ती ठेवावीत की काढावीत? कृष्णकमळाचे सारख्या जाडीचे पंधरा तुकडे घ्या. पाच तुकड्यांची सर्व पाने ठेवा, पाचांवर दोन-दोन पाने अर्धी कापून ठेवा, उरलेल्या पाचांची सर्व पाने काढा. तिन्ही कुंड्या एकाच सावलीत ठेवा व सारखेच पाणी द्या. सहा आठवड्यांनी तुकडे अलगद उपटा आणि प्रत्येकाची मुळे मोजून वहीत लिहा. पालवी मोजून निष्कर्ष काढू नका. ती फसवते, हे आता तुम्हांला ठाऊक आहेच.